केसाएवढ्या नळीतली शर्यत : क्रोमॅटोग्राफीला वीज जोडली तेव्हा

आजचा भाग नेहमीपेक्षा जरा रसायनाच्या वासाचा आहे. इअरफोन लावून बसमध्ये ऐकत असाल तर काही बिघडत नाही, फॉर्म्युला एकही येणार नाही. आणि हे शब्दांकन वाचत असाल तर तुमचं आणखी बरं, नावं नीट कळतील.

सुरुवात एका व्हॉइस मेसेजपासून. गडचिरोलीकडच्या एका श्रोत्याने पाठवला होता. म्हणाला, "ताई, माझं लग्न जमतंय. सिकल सेलची तपासणी केली. रिपोर्टवर 'एएस पॅटर्न' आलंय, वर 'एचबी इलेक्ट्रोफोरेसिस' लिहिलंय. एएस म्हणजे काय ते डॉक्टरांनी सांगितलं. पण ही इलेक्ट्रोफोरेसिस काय भानगड आहे? रक्तात डोकावून त्यांना कळतं कसं?"

मला हा प्रश्न फार आवडला. कारण विदर्भात, नंदुरबारात, आदिवासी पट्ट्यात 'एएस' आणि 'एसएस' ही अक्षरं घराघरांत माहीत आहेत. लग्नं त्यावरून जुळतात, मोडतात. दोघंही एएस असतील तर प्रत्येक बाळंतपणात एसएस मूल होण्याची शक्यता चारात एक. एवढा मोठा निर्णय ज्या कागदावर उभा आहे, त्या कागदामागचं यंत्र नेमकं करतं काय, हे विचारणारा मुलगा हुशारच म्हणायचा.

तर उत्तर एका वाक्यात : ते यंत्र रेणूंची शर्यत लावतं. आता या शर्यतीचा इतिहास बघू. त्यात एक अशी पद्धत भेटणार आहे जी नव्वदच्या दशकात सगळ्यांना हरवेल असं वाटत होतं, आणि हरली. तिचं नाव लांबलचक आहे, कॅपिलरी इलेक्ट्रोक्रोमॅटोग्राफी. घाबरू नका. कॅपिलरी म्हणजे केशनलिका, केसासारखी बारीक नळी. इलेक्ट्रो म्हणजे वीज. राहिली क्रोमॅटोग्राफी, ती तुम्ही शाळेत केलेली आहे.

आठवतंय? खडूला खालून बोटभर उंचीवर काळ्या शाईचा ठिपका द्यायचा आणि तो थोड्याशा पाण्यात उभा करायचा. पाणी वर चढतं आणि काळी शाई फुटून निळा, जांभळा, पिवळा असे पट्टे दिसतात. पुस्तकात त्याला 'रंजकद्रव्य पृथक्करण' असं भारदस्त नाव असायचं. आत घडतं ते साधं आहे. पाणी रंगाला वर ओढतं, खडू त्याला धरून ठेवतो. ज्या रंगाला खडूचा लळा जास्त तो मागे राहतो, ज्याला पाण्याचा तो पुढे पळतो. आषाढी वारीच्या वाटेवर कसं, काही लोक सरळ चालत राहतात आणि काही प्रत्येक चहाच्या टपरीवर थांबतात. सकाळी सगळे एकत्र निघालेले असले तरी संध्याकाळपर्यंत मैलामैलाचं अंतर पडतं. तसंच.

हा खडूचा प्रयोग ज्याने विज्ञानात आणला तो होता मिखाईल त्स्वेत. रशियन बाप, इटालियन आई, जन्म १८७२ चा, इटलीतल्या आस्ती गावी. शिक्षण जिनिव्हात झालं. पुढे तो वॉर्सात काम करायला लागला, जे तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. हा माणूस वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याला पानातला हिरवा रंग नेमका काय आहे ते बघायचं होतं. त्याने काचेच्या नळीत खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ठासून भरली, वरून पानांचा अर्क ओतला, मग शुद्ध द्रावक सोडलं. नळीत हिरव्या-पिवळ्या रंगांचे वेगवेगळे पट्टे उमटले. १९०३ मध्ये त्याने वॉर्सातल्या निसर्गअभ्यासकांच्या सभेत हे मांडलं आणि १९०६ मध्ये त्याला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिलं. ग्रीक अर्थ 'रंगलेखन'. आणि गंमत बघा, रशियन भाषेत 'त्स्वेत' म्हणजे रंगच! आपलंच आडनाव गुपचूप पद्धतीला चिकटवलं की काय, अशी शंका लोक आजही घेतात. मला विचाराल तर घेतली असली संधी तर बरंच केलं, कारण दुसरं काही त्याच्या हाती लागलं नाही. तेव्हाच्या मोठ्या रसायनशास्त्रज्ञांना हे खडूचे खेळ पटले नाहीत. पुढे महायुद्ध आलं, वॉर्सा सोडावं लागलं, गावोगाव फिरावं लागलं, आणि १९१९ मध्ये व्होरोनेझला तो वारला. वय ४७. त्याची पद्धत पुन्हा उचलली गेली ती १९३१ मध्ये, जर्मनीत हायडेलबर्गला, रिचर्ड कून आणि एडगर लेडरर यांच्या हातून.

ही झाली चिकटपणाची शर्यत. आता दुसरी, विजेची. ती खरं तर जास्त जुनी आहे.

मॉस्को विद्यापीठात फर्डिनांड रॉइस नावाचे प्राध्यापक होते. व्होल्टाची बॅटरी नुकतीच आलेली, साल १८०० चं, आणि जो तो तिच्या तारा कशाला ना कशाला लावून बघत होता. रॉइसने ओल्या चिकणमातीत दोन काचेच्या नळ्या खोचल्या, त्यांत पाणी भरलं आणि विजेच्या तारा सोडल्या. दोन गोष्टी झाल्या. धन तारेच्या नळीत मातीचे बारीक कण वर येऊन पाणी गढूळ झालं. आणि ऋण तारेच्या नळीत पाण्याची पातळी चढायला लागली. म्हणजे कण एकीकडे चालले आणि पाणी दुसरीकडे! १८०९ मध्ये हे छापून आलं. कणांच्या चालण्याला पुढे इलेक्ट्रोफोरेसिस म्हणायला लागले. पाण्याच्या चालण्याला इलेक्ट्रोऑस्मोसिस. हे दुसरं नाव लक्षात ठेवा, आपली सगळी गोष्ट त्याच्यावर फिरणार आहे.

पाणी का चाललं? याचं उत्तर नंतर सापडलं आणि ते फार सुंदर आहे. काच, वाळू, माती यांच्या पृष्ठभागावर पाणी लागलं की तिथे ऋण भार तयार होतो. ऋण भाराकडे पाण्यातले धन भाराचे आयन धावतात आणि भिंतीलगत त्यांचा एक अतिशय पातळ थर जमतो, काही नॅनोमीटरचा. आता वीज लावली की हा धन थर ऋण टोकाकडे सरकायला लागतो, आणि सरकताना आतलं सगळं पाणी सोबत घेऊन जातो. जणू नळीच्या भिंतीच चालायला लागल्या. एकही पंप नाही, दाब नाही, तरी पाणी वाहतंय.

पण त्या काळी लोकांचं लक्ष पाण्याच्या चालण्याकडे नव्हतं. कणांच्या चालण्याकडे होतं. स्वीडनमध्ये उप्साला इथे आर्ने टिसेलियस यांनी १९३७ मध्ये मोठं यंत्र उभं केलं, वीसेक फूट लांब, खोलीभर पसरलेलं. यू आकाराच्या नळीत रक्ताचा सीरम, दोन्ही टोकांना वीज. त्यातून त्यांनी रक्तातल्या प्रथिनांचे गट वेगळे करून दाखवले : अल्ब्युमिन, आणि अल्फा, बीटा, गॅमा ग्लोब्युलिन. ही नावं आजही तुमच्या रक्ताच्या रिपोर्टवर येतात. १९४८ चं रसायनाचं नोबेल त्यांना मिळालं.

टिसेलियसना सगळ्यात जास्त छळलं ते उष्णतेने. द्रवातून वीज गेली की द्रव तापतो. तापला की चहाच्या पातेल्यासारखे आतले प्रवाह वर-खाली होतात आणि वेगळे झालेले पट्टे पुन्हा मिसळतात. म्हणून ते पूर्ण यंत्र चार अंशांच्या आसपास थंड ठेवायचे, जिथे पाण्याची घनता सर्वाधिक असते आणि तापमान थोडं हललं तरी फरक पडत नाही. त्यांचाच विद्यार्थी स्टेलन येर्टेन याने १९६७ मध्ये दुसरी शक्कल काढली : नळी आडवी ठेवून सतत गोल फिरवत ठेवायची, म्हणजे गरम द्रवाला वर चढायला वेळच मिळत नाही. हुरड्याचं कणीस निखाऱ्यावर फिरवतात ना, तसं. चाललं, पण असलं यंत्र घरोघरी कोण बसवणार?

आता श्रोत्याच्या रिपोर्टकडे येऊ, कारण त्याचा धागा याच काळात आहे. १९४५ मध्ये अमेरिकेत लायनस पॉलिंग यांना विल्यम कॅसल या डॉक्टरांकडून सिकल सेलबद्दल कळलं. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, आणि तेही रक्तातला ऑक्सिजन कमी झाल्यावर. पॉलिंगना वाटलं, मग दोष पेशीत नाही, आतल्या हिमोग्लोबिनच्या रेणूत असला पाहिजे. त्यांच्या सहकाऱ्यांनी, मुख्यतः हार्वी इटानो यांनी, टिसेलियसच्या पद्धतीच्या यंत्रात दोन्ही हिमोग्लोबिनं पळवली. वेग वेगळे निघाले! निरोगी माणसाचं एका वेगाने, आजारी माणसाचं दुसऱ्या. आणि ज्यांना आजार नाही पण आई-बापांपैकी एकाकडून तो गुण आलाय, त्यांच्या रक्तात दोन्ही. १९४९ मध्ये हा निबंध छापून आला आणि सिकल सेलला पहिल्यांदा 'रेणूचा आजार' म्हटलं गेलं. मित्रा, तुझ्या कागदावरची ए आणि एस ही अक्षरं म्हणजे हेच दोन धावपटू. दोघं दिसले म्हणून एएस.

फरक नक्की कुठे? ते शोधलं व्हर्नन इन्ग्रम यांनी, केंब्रिजमध्ये, १९५६-५७ मध्ये. मला हा प्रयोग सगळ्या इतिहासात लाडका आहे. त्यांनी ट्रिप्सिन नावाच्या एन्झाइमने हिमोग्लोबिनचे तुकडे केले, तीसच्या आसपास. मिश्रणाचा एक थेंब मोठ्या कागदाच्या कोपऱ्यात ठेवला. आधी कागदाला आडवी वीज लावली, तुकडे भारानुसार पांगले. मग कागद वळवून उभा द्रावकात बुडवला, शाळेतल्या खडूसारखा, तुकडे चिकटपणानुसार पांगले. एक दिशा विजेची, दुसरी क्रोमॅटोग्राफीची. वर रसायन फवारलं की ठिपके दिसले. निरोगी आणि सिकलच्या कागदात सगळे ठिपके जुळले, एक सोडून. त्या एका तुकड्यात एक अमिनो आम्ल बदललं होतं. १४६ कड्यांच्या साखळीत सहावी कडी : ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, व्हॅलिनवर नसतो. म्हणूनच तो रेणू विजेच्या शर्यतीत वेगळा पळतो. एवढ्याशा फरकाने माणसाचं आयुष्य दुखण्यात जातं.

इन्ग्रम यांनी दोन्ही शर्यती एकामागून एक लावल्या. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो : दोन्ही एकाच वेळी, एकाच नळीत लावता येतील का?

तसा प्रयत्न आधीही झाला होता. हॅरॉल्ड स्ट्रेन यांनी १९३९ मध्ये त्स्वेतच्या नळीला वीज जोडून रंग वेगळे करून पाहिले होते. पण खरी नवी कल्पना १९७४ मध्ये आली, आणि आली दक्षिण आफ्रिकेतून. प्रिटोरिया विद्यापीठातले व्हिक्टर प्रिटोरियस आणि त्यांचे सहकारी म्हणाले, विजेने रेणू वेगळे करायच्या भानगडीत कशाला पडता? विजेने द्रव ढकलू या! रॉइसच्या मातीतलं ते पाणी आठवा. पंपाची जागा इलेक्ट्रोऑस्मोसिसला द्यायची.

हे का क्रांतिकारक होतं ते कळायला मी तुम्हाला माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षात घेऊन जाते. एमएस्सीनंतर मी एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये लागले होते. नाव राहू दे. काम एकच, एचपीएलसी. म्हणजे त्स्वेतचीच नळी, पण स्टीलची, आत काही मायक्रॉनचे सिलिकाचे बारीक कण ठासलेले, आणि पंप द्रावक जोराने आत ढकलतो. नाइट शिफ्टला त्या पंपाची टकटक ऐकत बसायचं. एकदा मी नमुना नीट न गाळता लावला, कॉलम चोक झाला, प्रेशर चढत चढत लिमिटला गेलं आणि यंत्र बंद. पहाटे चारला सीनियरला फोन. तो म्हणाला, "बाई, कॉलमची किंमत माहितीये का?" तेव्हापासून प्रेशर हा शब्द माझ्या मनात कोरलेला आहे.

अडचण अशी आहे. कण जितके बारीक, तितकं पृथक्करण चांगलं. पण कण अर्धे केले की द्रव त्याच वेगाने ढकलायला चौपट दाब लागतो. आणि दाबाने ढकललेला द्रव नळीत एकसारखा वाहत नाही. मधे जोरात, कडेला हळू, नदीसारखा. त्यामुळे एकाच जातीचे रेणू पुढे-मागे होतात आणि पट्टा पसरतो. विजेने ढकललं तर या दोन्ही अडचणी जातात. जोर भिंतीपाशीच लागत असल्यामुळे प्रवाह सपाट, सगळे शिस्तीत, कवायतीसारखे. आणि कण किती बारीक आहेत याने वेगाला फारसा फरक पडत नाही, कारण प्रत्येक कणाचा पृष्ठभाग स्वतःच ढकलायला मदत करतो. दाब शून्य! ऐकूनच माझ्यासारखीच्या तोंडाला पाणी सुटतं.

उष्णतेचं कोडं सुटलं १९८१ मध्ये. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ, चॅपल हिल. जेम्स जॉर्गन्सन आणि क्रिन ल्युकाच यांनी नळीच बारीक केली, ७५ मायक्रॉन, म्हणजे साधारण केसाची जाडी. इतक्या बारीक नळीत आत द्रव अगदी थोडा आणि त्यामानाने भिंत भरपूर, त्यामुळे उष्णता चटकन बाहेर जाते. गाडगं हळू निवतं, बशीतला चहा पटकन निवतो, तोच हिशेब. मग त्यांनी चक्क ३०,००० व्होल्टपर्यंत वीज लावली. निकाल थक्क करणारे होते. त्याच वर्षी त्यांनी आणखी एक गोष्ट केली : थोडी रुंद, १७० मायक्रॉनची नळी घेतली, तिच्यात १० मायक्रॉनचे क्रोमॅटोग्राफीचे कण भरले आणि फक्त विजेने द्रव ओढला. दोन भारहीन संयुगं वेगळी झाली. केशनलिकेत, विजेवर, क्रोमॅटोग्राफी. म्हणजे आपली नायिका जन्माला आली.

भारहीन हा शब्द महत्त्वाचा. साध्या विजेच्या शर्यतीत ज्या रेणूवर भारच नाही तो स्वतः धावत नाही, सगळे भारहीन रेणू पाण्यासोबत एकाच गठ्ठ्यात बाहेर पडतात. औषधांतले कितीतरी रेणू असे असतात. त्यांना वेगळं करायला चिकटपणाच हवा. ही नवी पद्धत दोन्ही करणार होती, भार असलेल्यांना भाराने आणि चिकटपणाने, नसलेल्यांना नुसत्या चिकटपणाने.

एडिनबरामध्ये जॉन नॉक्स आणि इयन ग्रँट यांनी १९८७ मध्ये गणित करून दाखवलं की कण खूप बारीक केले तरी हे चालेल, आणि १९९१ मध्ये दीड मायक्रॉनपर्यंतच्या कणांवर प्रत्यक्ष करून दाखवलं. मग लाट आली. शोधनिबंधांचा पाऊस, परिषदा, विशेष अंक. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये ग्लॅक्सोचे नॉर्मन स्मिथ आणि मार्टिन इव्हान्स यांनी नैराश्यावरच्या काही औषधांसाठी जो आकडा छापला त्याने सगळे उडाले. पट्टा किती धारदार आहे ते मोजायचं एकक असतं, थिऑरेटिकल प्लेट. चांगल्या एचपीएलसी कॉलमला मीटरमागे एक लाखाच्या आसपास मिळतात. यांनी सांगितलं, ८० लाखांहून जास्त!

आणि इथेच मला थांबून श्वास घ्यावासा वाटतो. कारण तो आकडा खोटा नव्हता, पण धरून ठेवता येत नव्हता. नळीच्या आत काहीतरी विशेष घडून पट्टा आकसत होता, आणि ते हवं तेव्हा, हवं तिथे पुन्हा घडवता येत नव्हतं. क्वालिटी कंट्रोलमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा, तिथे सर्वोत्तम निकालाला काही किंमत नाही. सहा वेळा इंजेक्शन दिलं तर सहाही वेळा तेच यायला हवं. नाहीतर बॅच अडकते.

बाकीच्या कटकटीही होत्या. केसाएवढ्या नळीत कण भरायचे तर ते बाहेर पडू नयेत म्हणून दोन्ही टोकांना बूच हवं, ज्याला फ्रिट म्हणतात. ते बनवायला तिथले सिलिकाचे कण तापवून एकमेकांना चिकटवायचे. तापवताना नळीवरचं प्लास्टिकचं संरक्षक आवरण जळायचं आणि नळी तिथेच काडकन मोडायची. शिवाय फ्रिटपाशी प्रवाह बदलायचा आणि हवेचे बुडबुडे यायचे. एक बुडबुडा आला की वीज तुटली, प्रयोग संपला. उपाय म्हणून दोन्ही टोकांना दहाएक बार दाब द्यायचे. म्हणजे ज्या पद्धतीचं सगळं कौतुक 'दाब नको' म्हणून, तिला चालू ठेवायला पुन्हा दाबाची बाटली!

हुशार लोकांनी फ्रिटच काढून टाकला. फ्रांतिशेक स्वेक आणि जाँ फ्रेशे यांनी बर्कलीमध्ये नळीच्या आतच पॉलिमरचा सच्छिद्र दगड ओतून गोठवला, त्याला मोनोलिथ म्हणतात. कण नाहीत, म्हणून बूच नाही. सुबक काम. पण तोवर बाहेर जग पुढे गेलं होतं.

क्योटोमध्ये शिगेरू तेराबे यांनी १९८४ मध्येच भारहीन रेणूंचा प्रश्न एका भलत्याच वस्तूने सोडवून ठेवला होता. साबणासारख्या डिटर्जंटने. रिकाम्या नळीतल्या द्रावणात डिटर्जंट घातला की त्याचे भारित गोळे तयार होतात, भारहीन रेणू त्यांत कमी-जास्त रमतात आणि वेगळे होतात. कण भरा, फ्रिट बनवा, काही नको. नळी खराब झाली की धुऊन टाका. रिकाम्या नळीची शर्यत आणखी पुढे गेली : १९९८ मध्ये ९६ केशनलिका एकत्र चालवणारं डीएनए वाचायचं यंत्र बाजारात आलं, आणि मानवी जनुकसंचाचा जो मसुदा जून २००० मध्ये जाहीर झाला तो वाचण्यात अशा यंत्रांचा मोठा हात होता.

आणि शेवटचा घाव? तो घातला स्वतः जॉर्गन्सन यांनी. खरंच! १९९७ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेने म्हटलं, दाब लागतो ना, मग देऊ या. त्यांनी केशनलिकेत दीड मायक्रॉनचे कण भरून ४,१०० बारपर्यंत दाब दिला. घरच्या कुकरमध्ये बाहेरच्यापेक्षा जेमतेम एक बार जास्त असतो. मारियाना गर्तेच्या तळाशी अकराशेच्या आत. हे त्याच्या जवळजवळ चौपट. आणि नळी टिकली. २००४ मध्ये वॉटर्स कंपनीने हीच दिशा पकडून हजार बारच्या आसपास चालणारं यंत्र बाजारात आणलं. बारीक कण, धारदार पट्टे, वेळ कमी, आणि बटण दाबलं की रोज तेच उत्तर. औषध कंपन्यांनी ते घेतलं. ज्या कारणासाठी वीज लावायची होती ते कारणच संपलं.

मला वाटतं हे अपयश म्हणणं बरोबर नाही, पण 'तसं पाहिलं तर ती जिंकलीच' असली मलमपट्टीही मी करणार नाही. रोजच्या लॅबमध्ये कॅपिलरी इलेक्ट्रोक्रोमॅटोग्राफी आली नाही. आजही तिच्यावर काम चालतं, विशेषतः आरशातल्या प्रतिमेसारखे जुळे रेणू वेगळे करण्यासाठी, आणि नखाएवढ्या चिपवर, जिथे पंप बसवायला जागाच नसते आणि रॉइसचं ते चालणारं पाणी फुकटात मिळतं. मोनोलिथही टिकले, पण बरेचसे पंपाच्या कॉलममध्ये जाऊन बसले.

आता परत आपल्या गडचिरोलीच्या मित्राकडे. तुझ्या रक्ताचा थेंब बहुतेक एका पातळ पट्टीवर किंवा जेलवर ठेवला असेल आणि वीज लावली असेल. तिथल्या द्रावणात दोन्ही हिमोग्लोबिनं ऋण भाराची होती, म्हणून दोन्ही धन टोकाकडे निघाली. ए पुढे गेलं, एस मागे राहिलं, कारण त्याच्याकडे ती एक-एक ऋण भाराची कडी कमी आहे. दोन पट्टे दिसले. मोठ्या लॅबमध्ये हेच काम एचपीएलसीवर करतात, म्हणजे चिकटपणाची शर्यत, किंवा केशनलिकेच्या यंत्रावर, जिथे जॉर्गन्सनची रिकामी बारीक नळी असते. तीन वाटा, उत्तर एकच यायला हवं. शंका वाटली तर दुसऱ्या पद्धतीने खात्री करून मागण्याचा तुला पूर्ण हक्क आहे, आणि होणाऱ्या बायकोची तपासणी झाली नसेल तर ती आधी करून घ्या. एएस असणं म्हणजे आजारी असणं नव्हे, हे डॉक्टरांनी सांगितलंच असेल. घरच्या मोठ्यांना ते पटत नसेल तर हा भाग त्यांना ऐकव, इन्ग्रमच्या कागदाची गोष्ट तरी आवडेल त्यांना.

कुणाकडे अशा रिपोर्टवरचा न कळलेला शब्द असेल तर व्हॉइस मेसेज पाठवा, नाव सांगितलं नाही तरी चालेल. आणि लॅबमध्ये नाइट शिफ्टला असाल तर नमुना गाळून लावा रे बाबांनो. भेटू.